यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या यकृतात गाठ निघाली, तेव्हा ठाण्यातल्या प्रत्येक नातेवाइकाचा फोनवर एकच प्रश्न: "गाठ केवढी आहे?" आम्हीही डॉक्टरांना तेवढंच विचारत राहिलो. पण ऑपरेशननंतर माणूस कसा सावरतो, हे बरंचसं मागे उरणाऱ्या यकृतावर ठरतं. म्हणून विचारा: किती उरणार आणि ते कसं आहे? यकृत निरोगी असेल तर साधारण पाव भागावरही भागतं, ते पुन्हा वाढतं. सिरॉसिस, म्हणजे यकृत आधीच कडक आणि व्रणांनी भरलेलं असेल तर निदान ४० टक्के राखायला बघतात. सीटी स्कॅनवर हे मोजता येतं. कमी भरलं तर आधी यकृताच्या एका बाजूची रक्तवाहिनी बंद करून दुसरी बाजू वाढू देतात, त्यात काही आठवडे जातात. तारीख पुढे गेली म्हणून आम्ही चिडलो होतो. तो राग चुकीचा होता.

दारू लपवू नका. सुनेसमोर "कधीतरी घेतो" म्हणणारा माणूस रोज घेत असेल, तर दवाखान्यात ती अचानक तुटते. दोन-तीन दिवसांत थरथर आणि भ्रम सुरू होतो, आणि हे दारू तुटल्याचं की यकृत थकल्याचं, ते ओळखणं अवघड होऊन बसतं. घरच्यांसमोर जमत नसेल तर डॉक्टरांना एकट्यानं भेटून सांगा. सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद हवी.

काढेही सांगायचे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. उलट हेपॅटायटिस बीची गोळी चालू असेल तर ती मनानं थांबवू नका. विषाणू पुन्हा उसळला तर उरलेलं यकृतही धोक्यात येतं.

"यकृताचा आजार, हलकं खा" म्हणत आम्ही सासऱ्यांना पेजेवर ठेवलं. अंगातलं मांस झडलं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घसरलं. अशा शरीरात जंतुसंसर्ग लवकर होतो, जखम उशिरा भरते. अंडी, मासे, डाळी, पनीर यांतलं काय आणि किती, हे आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. मधुमेह असेल तर साखरही आधीच आटोक्यात आणा.

घरी आल्यावर दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, रक्तस्राव आणि किडनी दोन्हींची भीती असते. ताप, डोळ्यांत पिवळेपणा, फुगत चाललेलं पोट, काळी शी, पोटाला लावलेल्या नळीतून हिरवट-पिवळं पाणी, यांतलं काहीही दिसलं तर "आत्ता घोडबंदरला ट्रॅफिक असेल, सकाळी बघू" म्हणू नका.

झोपेकडेही लक्ष ठेवा. सासरे दिवसा झोपायचे, रात्री टक्क जागे. आम्हाला वाटलं, दवाखान्यातली सवय मोडली नाही. फोनवर सिस्टरनी विचारलं, "पोट साफ होतंय का?" दोन दिवस झालं नव्हतं. त्यांनी लगेच घेऊन या म्हणून सांगितलं. यकृत थकलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचते; झोप अशी उलटी होणं ही त्याची खूण असू शकते, आणि पोट साफ नसलं की ते वाढतं.