रानटी सेंटोरिया ओळखताना या चुका टाळा

लेबनॉन, टॉरस किंवा क्रीटच्या डोंगरांत फिरून आलेली मंडळी फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे कोणतं सेंटोरिया?" फोटो हमखास वरून काढलेला असतो. सेंटोरिया हा सूर्यफुलाच्या कुळातल्या फुलझाडांचा वंश. एकट्या तुर्कस्तानात या वंशाच्या 150हून अधिक जाती आहेत, आणि वरून त्यातल्या कितीतरी सारख्याच दिसतात.

ओळख फुलाखालच्या बोंडात असते. करडई ही सेंटोरियाची जवळची नातेवाईक, त्यामुळे तसलं बोंड आपल्याला परकं नाही. त्यावरच्या प्रत्येक छदाचं, म्हणजे खवल्यासारख्या पानाचं, टोक बघा: झालर आहे, पातळ पापुद्रा आहे की ताठ काटा? मी आधी गुडघ्यावर बसून बोंडाचा बाजूने फोटो घेते, मग खोडाचा आणि बुडच्या पानांचा. फुलाचा सगळ्यात शेवटी.

दुबईत राहणारा माझा एक मित्र जुलैत लेबनॉनला गेला होता. ॲपने नाव दिलं 'सेंटोरिया कॅल्सिट्रापा', त्याने तेच लिहून अल्बम सगळ्यांना पाठवला. लांब काटे, गुलाबी-जांभळी फुलं, सगळं जुळत होतं. पण तिथे सेंटोरिया आयबेरिकाही उगवते आणि ती अगदी तशीच दिसते. फरक बीत आहे: आयबेरिकाच्या बीवर पांढऱ्या केसांचा आखूड तुरा असतो, कॅल्सिट्रापाची बी बोडकी. त्याच्याकडे फुलांचे ढीगभर फोटो, बीचा एकही नाही. खूप खोदून विचारल्यावर तळहातावर फोडलेल्या वाळक्या बोंडाचा एक फोटो सापडला. तुरा स्पष्ट दिसत होता. म्हणजे आयबेरिका! ॲपवर माझा राग नाही. पाच सेकंदांत नाव मिळालं की पुढे बघणंच थांबतं, त्याचा आहे. वाळकं बोंड दिसलं की ते तिथेच फोडा, आतली बी बघा, फोटो घ्या.

पिवळं फूल आणि काटे म्हणजे सेंटोरिया सोल्स्टिशियालिस हीच जात, असं धरू नका. पिवळ्या काटेरी जाती आणखीही आहेत.

कडेच्या मोठ्या 'पाकळ्या' मोजत बसू नका. ती वांझ पुष्पकं, म्हणजे बी न धरणारी छोटी फुलं, असतात.

आणि बी खिशात घालून घरी आणू नका. याच सोल्स्टिशियालिसची बी एकोणिसाव्या शतकात लसूणघासाच्या बियाण्यातून कॅलिफोर्नियात पोचली. आज तिथली कुरणंच्या कुरणं तिने व्यापली आहेत, आणि ती सतत खाल्लेल्या घोड्यांच्या मेंदूला इजा होते. परत निघताना मोजे आणि बुटांच्या नाड्या तिथेच झटकून घ्या.