स्टर्नड्राइव्ह बोटीचा ट्रान्सम मजबूत कसा करावा: आधी लाकूड, मग प्लेट

किनाऱ्यावरची जुनी स्पीडबोट स्वस्तात मिळाली, ट्रेलरवर घालून मराठवाड्यातल्या एखाद्या धरणावर आणली, असे सौदे होत असतात. घेणारा इंजिन सुरू करून आवाज ऐकतो आणि रंगावरून हात फिरवतो. मागच्या उभ्या भिंतीकडे, म्हणजे ट्रान्समकडे, मात्र तो वाकून बघत नाही. वेगाच्या बोटीचा खरा कस लागतो तो तिथेच.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं, गिअर आणि पंखा बाहेर, आणि दोघांच्या मधे ट्रान्सम. व्होल्वो पेंटानं १९५९ साली अ‍ॅक्वामॅटिक बाजारात आणलं तेव्हापासून ही मांडणी चालत आली आहे. पंख्याचा सगळा रेटा ड्राइव्हमधून, म्हणजे या बाहेरच्या भागातून, गिंबल हाउसिंगवर (ड्राइव्हला धरणाऱ्या, ट्रान्समला बोल्टनं बसवलेल्या चौकटीवर) येतो आणि तिथून ट्रान्समवर. मर्क्रूझर या दुसऱ्या मेकच्या बोटीत तर इंजिनाचे मागचे माउंटही ट्रान्समच्या आतल्या प्लेटवरच टेकलेले असतात. त्यामुळे इंजिन मोठं बसवलं की या भिंतीवर वजनही वाढतं आणि रेटाही.

अशा वेळी पहिली सूचना हमखास येते ती जाड प्लेट मारण्याची. ट्रान्समच्या फायबरमधलं प्लायवूड, म्हणजे प्लाय, कुजलेलं असेल तर ती प्लेट म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवी बिजागरी. म्हणून सुरुवात तपासणीपासून करायची.

बोट ट्रेलरवर असताना ड्राइव्हच्या मागच्या टोकाला धरून खाली दाबा आणि दुसऱ्या माणसाला आतून ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत नुसत्या नजरेला हलताना दिसली तर पुढच्या चाचण्या फक्त किती कापायचं हे ठरवण्यापुरत्या उरतात. ड्राइव्हसाठी कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यांत जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, केसासारख्या चिरा आहेत का पाहा. मग प्लॅस्टिकच्या हातोडीनं आतून ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. शेवटी आतल्या बाजूनं, अगदी खाली, ड्रेन प्लगच्या आसपास ५ मिलिमीटरचं भोक पाडा. बाहेरच्या फायबरला ड्रिल लागू द्यायचं नाही. निघालेला भुसा चिमटीत घ्या. फिकट आणि कोरडा असेल तर लाकूड शाबूत. काळपट, ओला, मातीसारखा वास येणारा आणि बोटांनी दाबल्यावर लगदा होणारा असेल तर प्लाय बदलावंच लागेल. आणखी एक लक्षात ठेवा: लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं मानवतं. समुद्रावर वर्षानुवर्षं टिकलेला ट्रान्सम आपल्या धरणावर आल्यावर लवकर दगा देऊ शकतो.

कापायला घेण्याआधी मापं घ्या. भोकाचा पुठ्ठ्यावर पक्का साचा करा, बोटीच्या तळापासून त्याची उंची लिहा, मध्यरेषेच्या खुणा करा. फोटो काढा, पण फोटोंच्या भरवशावर राहू नका. ड्राइव्ह, गिंबल हाउसिंग आणि इंजिन तिन्ही उतरवावी लागतात. इंजिन जागेवर ठेवून हे काम करून देतो म्हणणाऱ्याला बोट देऊ नये.

बाहेरच्या फायबरला दोन लोखंडी अँगल आडवे टेकवून बांधा, नाहीतर लाकूड काढल्यावर ते लवचीक कातडं वाकडं होतं आणि तसंच राहतं. आतून कडेला सुमारे ७५ मिलिमीटरची पट्टी सोडून फायबर कापा आणि प्लाय छिन्नीनं काढा. ओलं लाकूड सोलल्यासारखं निघतं. घाम काढतो तो शाबूत भाग. मग ग्राइंडर. फायबरची धूळ फुप्फुसात गेलेली चालत नाही, त्यामुळे चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

कोर, म्हणजे फायबरच्या आतला लाकडी गाभा, सुकवण्याच्या बाबतीत मराठवाड्याचं हवामान आपल्या बाजूचं आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडा केलेला ट्रान्सम जितका खडखडीत वाळतो, तितका किनाऱ्यावर वाळत नाही. तोच उन्हाळा रेझिनच्या मात्र मुळावर येतो.

नवीन कोरसाठी भारतीय मानक आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुसरं काही पुढे करेल, शिक्का वाचून घ्या. चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे हार्डनर घातला की घट्ट होणारं रेझिन. पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड कमीच. ४० अंशांच्या वर पारा असताना मगभर इपॉक्सी कालवली तर ती मगातच तापते, धूर सोडते आणि दगड होते. म्हणून थोडी थोडी कालवा आणि लगेच उथळ ट्रेमध्ये पसरा. हार्डनर कमी घालून वेळ वाढवायचा विचारही नको, प्रमाण बिघडलं की ती कधीच नीट घट्ट होत नाही. उन्हाळ्यासाठीचा स्लो हार्डनर मिळतो, तो आणा. प्लायला पहिला हात सकाळी नाही, संध्याकाळी द्या. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि रेझिनमधून बुडबुडे येतात. ऊन उतरताना हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. जे पॉलिस्टर किंवा व्हिनिलएस्टर वापरणार असतील त्यांनी कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकत्र करू नये, भडका उडतो.

प्लायचे थर दाट केलेल्या इपॉक्सीनं बाहेरच्या फायबरला चिकटवा. भोकातून आरपार बोल्ट घालून, दोन्ही बाजूंना मेण लावलेल्या फळ्या देऊन आवळा. इपॉक्सी चारी कडांनी बाहेर आली पाहिजे. जिथून येत नाही तिथे आत पोकळी आहे. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग ओल्या स्क्रबरनं धुवा, कारण इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा थर धरत नाही.

आता ताकदीचा खरा भाग. ट्रान्सम आणि तळ जिथे भेटतात तो कोपरा काटकोनी ठेवू नका, इपॉक्सीनं गोलसर भरा. त्यावर शिवणीचं बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) फायबरचं कापड थरावर थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा सुमारे ५० मिलिमीटर पुढे नेत. मग भोकाच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी ब्रॅकेट उभे करा. ते ट्रान्समच्या वरच्या भागापासून तळातल्या लांब पट्ट्यांपर्यंत, म्हणजे स्ट्रिंगरपर्यंत, सलग गेले पाहिजेत. या ब्रॅकेटमुळे पंख्याचा रेटा अख्ख्या बोटीत पसरतो. स्ट्रिंगरची मागची टोकं कुजलेली असतील तर आधी ती करा, नाहीतर ब्रॅकेट हवेत लटकतील.

साच्यावरून भोक कापा आणि जाडी मोजा. मर्क्रूझरच्या ट्रान्समला ५१ ते ५७ मिलिमीटर जाडी लागते आणि आतला-बाहेरचा पृष्ठभाग ३ मिलिमीटरच्या आत समांतर लागतो. व्होल्वोसाठी तिचं मॅन्युअल पाहा. जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत ही समजूत इथे नडते. हाउसिंग आणि आतली प्लेट एकमेकांना नीट भिडत नाहीत. कापलेल्या कडेला इपॉक्सीचे भरपूर हात द्या. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून दाट इपॉक्सीनं भरा आणि मग योग्य मापानं पुन्हा पाडा. म्हणजे पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही.

प्लेटची पाळी इथे येते. ट्रान्समवर वेगळे बसणारे भाग असतील, उदाहरणार्थ बाहेरून स्टिअरिंग देणारे हायड्रॉलिक सिलिंडर, त्यांच्यामागे आतून अ‍ॅल्युमिनियमची बॅकिंग प्लेट द्या, कोपरे गोल करून. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग दिलं तर हे काम उत्तम होतं, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांना एवढी मापं म्हणजे किरकोळ. स्टेनलेसचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममधून जाताना सीलंटमध्ये बुडवूनच बसवा.

जुनं गिंबल असेल तर ड्राइव्हचं खालचं पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. स्टिअरिंग स्थिर असताना पातं खुळखुळत असेल तर गिंबल रिंग (ड्राइव्ह जिच्यावर वळतो ती कडी) आणि तिचा वरचा शाफ्ट झिजलाय. नव्या ट्रान्समवर झिजलेली रिंग परत चढवू नका, वेगात बोट मागून डुलायला लागते.

हाउसिंगचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं, थोडे थोडे आवळा. मर्क्रूझरसाठी हा आकडा २७ ते ३४ न्यूटन-मीटर आहे. इंजिन बसवल्यावर अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का हे पाहायची दांडी) अडकता कामा नये, सहज आत-बाहेर सरकला पाहिजे. अ‍ॅनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा लावा.

चाचणीसाठी बोट सरळ नाथसागरावर नेऊ नका. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पक्षी अभयारण्य आहे. जिथे परवानगी असेल तिथेच पाण्यात उतरवा. पहिली फेरी मंद वेगात, एक माणूस टॉर्च घेऊन इंजिनापाशी. बाहेर काढल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा. परतताना ट्रेलरचे मागचे आधार थेट ट्रान्समच्या खाली आलेत का ते बघून घ्या. ते पुढे राहिले तर इंजिन आणि ड्राइव्हचं वजन लटकत राहतं, आणि रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक नव्या सांध्याला हिसका देतो.