तळ्यातला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजायला निघालाय? आधी घड्याळ बघा

प्रोजेक्टवाल्या पोरांचे मेसेज येतात, ताई डीओ लिटरला दहा मिलिग्रॅम आला, म्हणजे तलाव मस्त आहे ना? मी एवढंच विचारते, पाणी किती वाजता घेतलं. उत्तर ठरलेलं, बारा-एक. लॅब उघडणार साडेदहाला, सही केल्याशिवाय बाटल्या मिळणार नाहीत, मग धार रोडचं ट्रॅफिक, इंदूरच्या सिरपूर तलावावर पोचेपर्यंत दुपार. माझा अख्खा पहिला सीझन ह्याच वेळेत गेला आणि आकडे इतके देखणे आले की गाइडला सुद्धा शंका आली नाही. डीओ मोजायची विंकलर पद्धत, त्यातलं थायो, स्टार्च हे सगळं तुम्हाला येतं, त्यात कोणी फसत नाही. फसतात ते वेळेत.

नीट ऐका, हे मी जरा घोळून सांगणार आहे. हिरव्या पाण्यात उजेड वरच्या थोड्याशा भागातच जातो, त्यामुळे दुपारी शेवाळं ऑक्सिजन करतं ते तेवढ्याच पट्ट्यात. तेच पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर पसरून राहतं, खाली मिसळतच नाही. खाली गाळ, बॅक्टेरिया, कुजकं सगळं ऑक्सिजन खात बसलेलं, आणि स्थिर पाण्यात ऑक्सिजन झिरपण्याचा वेग हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट कमी. म्हणजे वर डीओ बारा आणि तळाशी एक, त्याच जागी, त्याच वेळी, असं होऊ शकतं. तुम्ही वरची बाटली भरून खुश.

पुस्तकातली थर्मोक्लाइन (खोलीबरोबर तापमान झपाट्याने उतरतं तो पट्टा), मीटरला एक डिग्री, वर्षातून दोनदा उलटापालट, ते थंड देशातल्या खोल सरोवरांचं आहे. सिरपूर भर पावसाळ्यातही जेमतेम दोन मीटर. ‘इतकं उथळ, थर कुठून बसणार?’ असं मलाही सिनियरने सांगितलेलं. पण पाणी 4 वरून 5 डिग्रीला जाताना जेवढं हलकं होतं, त्याच्या पस्तीस-चाळीस पट 29 वरून 30 ला जाताना होतं. म्हणून आपल्या एप्रिल-मेमध्ये दोन डिग्रीचा फरक सुद्धा पुरतो. थर रोज बसतो आणि बहुतेक रात्री मोडतो, कारण वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि तळाचं बिनऑक्सिजनचं पाणी वर येतं. वर शेवाळं पण रात्री श्वासच घेतंय. त्यामुळे सगळ्यात वाईट आकडा सूर्य उगवायच्या जरा आधी. मासे वर येऊन तोंड मारतात ते तेव्हा, आणि हे तुम्हाला कुठल्याही मच्छीमाराने चहा पिता पिता सांगितलं असतं, पण आपण विचारायला जातो पीएचडीवाल्यांना.

‘पण हवेतून येतो की ऑक्सिजन!’ येतो, पण हिशेब करून बघा. वारा पडलेला असेल तर पाणी-हवेतली देवाणघेवाण दिवसाला अर्ध्या मीटरच्या आसपास धरा. पाण्यात 3, संपृक्तता (त्या तापमानाला हवेशी समतोलात पाण्यात मावतो तेवढा ऑक्सिजन) 7, फरक 4, म्हणजे चौरस मीटरला दिवसाला दोन ग्रॅम. दोन मीटर खोलीत वाटले तर लिटरमागे एक मिलिग्रॅम, तेही पूर्ण चोवीस तासात, आणि रात्रभरात अर्धा सुद्धा नाही. वरून जलकुंभी किंवा शिंगाड्याची पानं पसरलेली असली तर तेही विसरा. दुपारी तर उलटंच, वरचं पाणी संपृक्ततेच्या वर गेलेलं असतं आणि ऑक्सिजन हवेत निघून जातो. अशा वेळी भर दुपारी कारंजं चालवणं म्हणजे तो अजून लवकर हाकलणं, नगरसेवकाच्या फोटोसाठी ठीक आहे. चालवायचं तर रात्री बारानंतर चालवा.

आणि ती संपृक्तता पण टेबलातून डोळे मिटून उचलू नका. 30 डिग्रीला 7.56 लिहिलंय ते समुद्रसपाटीचं. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथे 7.1 च्या आसपास पकडा, डीओ मीटर कॅलिब्रेट करताना पण.

घाबरू नका, महागडं काही लागत नाही. एकदाच चोवीस तास बसा, दर तीन तासांनी वरचं आणि तळाचं, तापमान आणि डीओ दोन्ही. वर्षभराच्या दुपारच्या आकड्यांपेक्षा हे भारी. डिसेंबरात सूर्य सातला उगवतो, म्हणून ‘पहाटे पाच’ असं ठोकून ठेवू नका. एकटं जायचं नाही, मुलगा असो की मुलगी. तळाचं पाणी बादलीने काढून बाटलीत ओतायचं नाही, हवा मिसळून खोटे दोन-तीन मिलिग्रॅम वाढू शकतात. नळी बाटलीच्या बुडापर्यंत घालून पाणी वाहू द्या आणि काठावरच फिक्स करा, म्हणजे रसायन घालून ऑक्सिजन तिथेच बांधून टाका. लॅबमध्ये नेऊन करतो म्हणणारा सिनियर भेटला तर त्याचं बाकीचं पण ऐकू नका.

जूनच्या पहिल्या वादळी पावसाची रात्र मात्र सोडू नका. गार पाऊस आणि वारा मिळून थर एका झटक्यात मोडतो, सकाळी मासे तरंगतात आणि लोक म्हणतात कोणीतरी विष टाकलं. दुपारी ऊन पडल्यावर पाणी घेतलंत तर चारच्या वरचा आकडा मिळेल, मासेपालनाचा निकष पास, आणि मासे कशाने मेले ते कळणारच नाही. तेव्हा बाटल्यांवर सही आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, आणि फिक्स करायच्या मॅन्गनीज सल्फेटची बाटली घरी.