येलहंकाची तयारी, आणि आधी कान

एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत भरतं, बंगळुरूच्या उत्तरेला येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर. मागचं २०२५ ला झालं, म्हणजे पुढची पाळी २०२७ ची. ओळखीतले चारपाच जण पहिल्यांदा जायचं म्हणतायत, आणि प्रत्येक जण मला लेन्सबद्दल विचारतो. लेन्सचं नंतर बोलू. आधी सांगा, कानांसाठी काय घेतलंय?

मी गेले तेव्हा काहीच घेतलं नव्हतं. मी पुण्याच्या हवाई तळाजवळच्या लोहगावची, सुखोई लढाऊ विमानांच्या आवाजात वाढले. घरावरून जोडी गेली की बोलणं थांबवायचं आणि ती गेली की पुढे सुरू करायचं, ही आमच्याकडची सवय. त्यामुळे आवाजाची तयारी करावी लागते हे डोक्यातच आलं नाही. सोबत सात वर्षांचा भाचा होता. पहिलं सुखोई-३० आफ्टरबर्नर लावून उठलं आणि पोरगं दोन्ही हात कानांवर दाबून खालीच बसलं. पुढचा सगळा कार्यक्रम मी त्याचं डोकं छातीशी धरून, तळव्यांनी त्याचे कान झाकून काढला. कॅमेरा गळ्यात तसाच लटकत राहिला. ज्या विमानांची चित्रं तो दोन महिने वहीत काढत होता, त्यांतलं एकही त्याने मान वर करून पाहिलं नाही. माझे स्वतःचे कान दोन दिवस वाजत होते.

घरावरून जाणारं विमान आणि धावपट्टीवरून उठणारं विमान यांत फार फरक आहे. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या तापलेल्या झोतात पुन्हा इंधन फवारून पेटवणं. सुखोईला अशी दोन इंजिनं आहेत. हा आवाज छातीत आधी जाणवतो, कानाला नंतर कळतो. हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० ला पंधरा मिनिटं उरतात. ११५ ला अर्ध्या मिनिटाच्या आत मर्यादा संपते, आणि जवळून उठणारं लढाऊ विमान तिथवर सहज पोचतं. कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून मोठ्यांसाठी फोमचे इअरप्लग, माणशी दोन जोड्या, कारण एक पडतोच. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचून ठेवलात तर उपयोग नाही. कापसाच्या बोळ्याने भागत नाही, आणि गाणी ऐकायचे इअरफोन हाही उपाय नव्हे. लहान मुलांना प्लग नीट बसत नाहीत, त्यांना डोक्यावरून घालायचे इअरमफ घ्या आणि आठवडाभर आधी घरात घालायला लावा. मिक्सर सुरू असताना घालून बघू दे. तिथे गेल्यावर पहिल्यांदा घातले तर पाच मिनिटांत काढून फेकतात.

आता तिकीट. ते ऑनलाइन आणि आधीच काढायचं असतं. काढताना नीट वाचा. अॅडव्हा नावाचं जे स्वस्त तिकीट असतं, २०२५ ला भारतीयांना हजार रुपयांचं होतं, त्यावर फक्त उड्डाणं बघायला मिळतात. जमिनीवर मांडलेली विमानं आणि दालनं बघायची तर दुसरं, महागडं तिकीट लागतं. सुरुवातीचे दिवस धंद्याच्या लोकांचे, आपले शेवटचे दोन. ओळखपत्र मूळ न्या.

पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस, बस, नाहीतर साडेआठशे किलोमीटर गाडी. विमानाने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: उड्डाणं सुरू असताना बंगळुरूचा मोठा विमानतळही काही तास बंद ठेवतात, ते वेळापत्रक आधी बघून मगच परतीचं तिकीट काढा. गाडी नेलीत तर सुक्या गवतावर लावू नका. २०१९ मध्ये तिथल्या पार्किंगला आग लागून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या होत्या. पहाटे निघा. विमानतळाकडे जाणारा रस्ता तोच आहे, तो कसा तुंबतो ते बंगळुरूत राहणाऱ्या कुणालाही विचारा.

मटण-चिकनचा बेत त्या दिवसांत जवळपास करू नका. तळाभोवतीच्या दहा-तेरा किलोमीटरांत मांसविक्री बंद ठेवतात. उघड्यावर टाकलेल्या मांसावर घारी जमतात, आणि एवढ्या वेगात इंजिनात शिरलेली एक घार विमान पाडू शकते. दशम्या-चटणी घेऊन जा.

पाणी, टोपी, सनस्क्रीन. याला कमी लेखू नका. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाची प्रात्यक्षिकं बघायला गेलेल्यांपैकी पाच जण दगावले, ऊन आणि गर्दीने. वयस्कर माणसं सोबत असतील तर आडोसा कुठे आहे ते आधी हेरून ठेवा.

कॅमेरा. चारशे मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम पुरते. जेटसाठी शटर १/१२५० च्या वर ठेवा. हेलिकॉप्टरला मात्र १/२०० च्या आसपास खाली या, नाहीतर पाती थिजल्यासारखी दिसतात आणि हेलिकॉप्टर आकाशात टांगल्यासारखं वाटतं. मागे उजळ आकाश असतं, तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर विमानाचं पोट काळं येतं. सकाळचे फोटो सकाळीच घ्या. ऊन चढलं की धावपट्टीवरून हवा लहरायला लागते आणि मग कितीही महागडी लेन्स असो, चाकं टेकताना काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. तेवढ्या वेळात आकाशातलं बघा.

दुर्बीण आठ पट पुरे, दहाची हातात हलते. आणि घरूनच आकार ओळखायला शिकून जा, त्यात खरी मजा आहे. दोन उभे शेपूट-पंख, पुढे छोटे पंख, अवाढव्य अंग म्हणजे सुखोई-३०. पुढे छोटे पंख पण शेपूट एकच, पंख त्रिकोणी, ते राफेल. तेजस आणि मिराज २००० मध्ये नवखे फसतात, कारण दोघांनाही आडवी शेपटी नाही आणि पंख त्रिकोणीच. मिराजच्या पंखाची पुढची कड सरळ रेषेत जाते, तेजसची मध्ये मोडते. मिराजच्या हवा घेणाऱ्या तोंडात अर्धा शंकू दिसतो. तेजस आकाराने चिमुकलं. जग्वारचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला. लाल-पांढरी नऊ हॉक विमानं आली की ते हवाई दलाचं कसरतींचं पथक सूर्यकिरण, तेव्हा दुर्बीण खाली ठेवून उघड्या डोळ्यांनी बघा, ती रांग दुर्बिणीत मावत नाही.

हे सगळं बघताना प्लग काढू नका. ध्वनिवर्धकावरचं बोलणं प्लग घालूनही कळतं. लोक निवेदन ऐकायला म्हणून काढतात, आणि नेमकं त्याच क्षणी पुढचं विमान उठतं. विमान नजरेत आल्यावर प्लग शोधायला खिशात हात घालायला वेळ नसतो. घातलेलेच ठेवा.

ड्रोन घरी. वायरलेस संच परवान्याशिवाय नेऊ नका. तळावर जिथे फोटो काढायला मनाई लिहिलीय तिथे काढू नका, आणि एरवीच्या दिवशी कुठल्याही तळाच्या कुंपणापाशी लांब लेन्स घेऊन उभं राहू नका. आमच्या लोहगावलाही नाही. संशय आला की छंद म्हणून सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही.

दुपारचं सत्र. जास्तीची बॅटरी, जास्तीचं कार्ड, थोडं खाणं. मुलाला मध्ये झोपू द्या, इअरमफ तसेच ठेवून.

निघताना गर्दीआधी अर्धा तास निघा किंवा नंतर तासाभराने.

रात्री कानात शीं वाजत असेल तर दुसऱ्या दिवशीच्या सत्राला जाऊ नका, कानांना विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही, किंवा एका बाजूने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जा. मुलांना हे सांगता येत नाही, त्यांना विचारा. मी भाच्याला तिसऱ्या दिवशी विचारलं.