राउटर बदलल्यावर लॅपटॉपला नेट येत नाही? या चुका टाळा

पुण्यात अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतं, घराबरोबर नेटवाला बदलतो आणि नेटवाल्याबरोबर राउटर. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन येतो. "मोबाइलवर नेट चालतंय, लॅपटॉपवर येत नाही. लॅपटॉप गेला का हो?" कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन ही कामं करतो. बहुतेक वेळा लॅपटॉप ठणठणीत असतो. मी पोचेपर्यंत त्याच्यावर जे प्रयोग झालेले असतात, ते निस्तरण्यातच माझा अर्धा तास जातो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

सगळ्यात पहिली चूक: मोबाइलवर चालतंय म्हणजे वाय-फाय चालू आहे, असं धरून चालणं. मोबाइलचा डेटा चालू असतो. वाय-फायवर नेट नसलं की मोबाइल गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जातो आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरूच राहतं. तेव्हा आधी मोबाइल डेटा बंद करा आणि मग बघा. मोबाइलवरही नेट आलं नाही, तर लॅपटॉपला हात लावायचं कारणच नाही. राउटरकडे जा, किंवा नेटवाल्याला फोन करा. फायबरच्या डब्यावर (बाहेरून येणारी फायबरची वायर ज्यात जाते तो) 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. वायर कुठे तरी दुमडली आहे, सुटली आहे किंवा तुटली आहे. घरात बसून तुम्ही कितीही सेटिंग बदलली तरी तो दिवा विझणार नाही.

लॅपटॉप राउटरशी जोडला गेलाय का, हा एक प्रश्न. राउटर बाहेरच्या नेटशी जोडला गेलाय का, हा दुसरा. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून बघा. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ते पान उघडलं तर पहिला दुवा शाबूत आहे. मी कुठेही गेलो तरी सुरुवात इथूनच करतो.

नाव तेच, पासवर्ड तोच, "म्हणजे काही बदलायला नको"

ही चूक हुशार माणसं करतात, म्हणून जास्त त्रास होतो. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड द्यायचा, म्हणजे टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप सगळे आपोआप जोडले जातील. कल्पना चांगली आहे आणि पुष्कळदा चालतेही. पण विंडोज नुसतं नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवत नाही, सुरक्षेचा प्रकारही लक्षात ठेवतं. जुना राउटर डब्ल्यूपीए-२ वर असतो. हा प्रकार २००४ पासूनचा आहे. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आला, आणि आताच्या काही राउटरवर तो सुरू केलेला असतो. नाव तेच, पण आतलं कुलूप वेगळं, त्यामुळे किल्ली बरोबर असूनही दार उघडत नाही.

पौड रोडवरच्या एका घरी असंच झालं होतं. काका निवृत्त, सूनबाई घरून काम करणाऱ्या. नवा राउटर काकांच्या पुतण्याने लावून दिला होता. घरातले चारही मोबाइल जोडले गेले, सूनबाईंचा लॅपटॉप मात्र नाही. "अहो, पासवर्ड बरोबर आहे, पंचवीस वेळा टाकून बघितला," काका म्हणाले. आणि पासवर्ड खरंच बरोबर होता. पुतण्याने मग इंटरनेटवर वाचून ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम उडवला, पुन्हा टाकला आणि शेवटी 'नेटवर्क रीसेट' केलं. त्याने नेट तर आलं नाहीच, वर ऑफिसच्या व्हीपीएनची (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित जोडणीची) सगळी सेटिंग गेली. तीन दिवस सूनबाई मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत होत्या आणि घरात नव्या लॅपटॉपचा विषय निघाला होता.

लॅपटॉप २०१४ चा होता. विंडोज १० ला डब्ल्यूपीए-३ कळायला लागलं ते २०१९ च्या १९०३ या आवृत्तीपासून, आणि तेही वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर तसा असेल तरच. या कार्डाचा नव्हता. मी माझी एक मीटरची लॅन केबल राउटरला लावली, राउटरचं पान उघडलं, वायरलेस सिक्युरिटीमध्ये गेलो. तिथे फक्त डब्ल्यूपीए-३ निवडलेलं होतं. ते बदलून डब्ल्यूपीए-२ आणि ३ असं मिश्र केलं. मग लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, आणि जुन्या नावावर फॉरगेट. केबल काढली. यादीतून नाव गेलं, दोन-तीन सेकंदांनी परत आलं. सूनबाईंनी पासवर्ड टाकला, गोल फिरलं, खाली 'कनेक्टेड' आलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि काही बोलल्याच नाहीत. दहा मिनिटांचं काम होतं. व्हीपीएन परत बसवायला मात्र त्यांच्या ऑफिसच्या माणसाचे दोन तास गेले.

म्हणून माझी सवय सांगतो. राउटर बदलला की नावही बदलायचं, निदान शेवटी एक आकडा तरी जोडायचा. सगळ्या उपकरणांवर पासवर्ड एकदा नव्याने टाकायला वीस मिनिटं लागतात. तेवढी द्या. नाव तेच ठेवायचंच असेल, तर लॅपटॉपवर आधी फॉरगेट करा आणि मग जोडा. 'नेटवर्क रीसेट' हे बटण शेवटचं, आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसला विचारल्याशिवाय अजिबात नाही. काही जण पासवर्डची कटकट नको म्हणून वाय-फाय उघडंच ठेवतात. तसं कृपा करून करू नका. जिन्यात उभा राहून कोणी तुमच्या नेटवरून काही केलं, तर चौकशी तुमच्या दारात येते.

पिन घालून रीसेट

राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. नेट आलं नाही की लोकांना त्यात टाचणी घालायची घाई होते. बंद करून चालू करणं वेगळं आणि ते भोक दाबणं वेगळं. भोक दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. अनेक नेटवाले जोडणीसाठी युजर आयडी आणि पासवर्ड देतात, तो राउटरमध्ये भरलेला असतो. कोरा झाला की तो पुसला जातो, आणि मग लॅपटॉपच काय, घरातलं कुठलंच उपकरण नेटवर जात नाही.

सिंहगड रोडला एक मुलगा मित्रांबरोबर फ्लॅटवर राहायचा. गुरुवार होता. दुरुस्तीसाठी गेलेली लाइट संध्याकाळी आली, पण नवीन राउटरवरून लॅपटॉपला नेट येईना. शुक्रवारी सकाळी त्याची ऑनलाइन परीक्षा. त्याने सिमकार्डची पिन घातली. मला फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. युजर आयडी घरमालकांच्या नावावर, मालक साताऱ्याला, कागद कुणाकडेच नाही, नेटवाल्याचं ऑफिस बंद. मी तिथे गेलो तरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. परीक्षा त्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिली, रात्रभर न झोपता. मूळ बिघाड काय होता? लाइट आल्यावर फायबरचा डबा आणि राउटर एकदम चालू झाले, आणि डबा नेट पकडायच्या आत राउटर दमून बसला. दोन्ही बंद करून क्रमाने चालू केले असते, तर बहुतेक काम झालं असतं.

क्रम असा: आधी डबा. त्याचा 'पॉन'चा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लुकलुकत असेल तर अजून थांबायचं. मग राउटर, त्याला दोन-तीन मिनिटं. मग लॅपटॉप. मी घड्याळ लावून थांबतो. नव्याने शिकणाऱ्यांना हे थांबणंच जमत नाही. तीस सेकंदांत नेट आलं नाही की दुसरं बटण, मग तिसरं, आणि शेवटी नक्की काय बदललं हेच आठवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जुना राउटर काढण्याआधी त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, युजर आयडी आणि पासवर्ड कागदावर लिहून मीटरच्या कपाटात आतून चिकटवा.

जुना पत्ता तसाच राहिला

लॅपटॉप जोडलेला दिसतो, पण खाली 'नो इंटरनेट' येतं, आणि बाकीच्यांचं सुरळीत चालू असतं. अशा वेळी कोणी तरी कधी काळी प्रिंटरसाठी वगैरे लॅपटॉपला हाताने पत्ता (आयपी) दिलेला असतो, समजा १९२.१६८.०.५०. नवा राउटर १९२.१६८.१ च्या घरातला. सदाशिव पेठेतून कोथरूडला राहायला जायचं आणि पत्रावर ४११०३० च लिहीत राहायचं, तसं हे झालं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट 'ऑटोमॅटिक' करा. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर वेगळा भरलेला असतो, तोही बघा. तिथे जुन्या राउटरचा पत्ता असेल तर एकही साइट उघडणार नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने स्वतःच एक घेतलाय. मग फॉरगेट करून पुन्हा जोडा, राउटर एकदा बंद-चालू करा.

केबलचं नेट असेल तर अजून एक भानगड असते. काही नेटवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आपल्याकडे बांधून ठेवतात, त्यामुळे नव्या राउटरला ते ओळखतच नाहीत. त्यांना फोन करून "मॅक रीसेट करा" एवढंच सांगा. दोन मिनिटांत होतं.

बाकीचं थोडक्यात. राउटरच्या नावापुढे '५जी' दिसतं ते ५ गिगाहर्ट्‌झ असतं, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. जुन्या लॅपटॉपचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं असेल तर ते नाव यादीत दिसणारच नाही, २.४ चं जोडा. २.४ चंही दिसत नसेल तर राउटरवर चॅनल १२ किंवा १३ आहे का बघा. काही लॅपटॉपना ते दिसत नाहीत, १, ६ किंवा ११ लावा. एअरप्लेनचं बटण चुकून दाबलं गेलंय का, तेही बघा. लॅपटॉपची तारीख चुकली असेल तर नेट असूनही साइट उघडत नाहीत. राउटर चपलांच्या कपाटात किंवा लोखंडी कपाटामागे ठेवू नका, आणि जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झची अपेक्षा ठेवू नका. ड्रायव्हर हवाच असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

आणि जुना राउटर भंगारवाल्याला किंवा ओळखीत कुणाला द्यायचा असेल, तर त्यात तुमचा वाय-फाय पासवर्ड आणि नेटचा युजर आयडी अजून तसाच आहे. देण्याआधी तो विजेच्या प्लगला लावून चालू करा आणि मागच्या त्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा.