घरच्या पॉलीटनेलमध्ये भाजी लावताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेकडं आता घरामागं, गच्चीवर, रिकाम्या प्लॉटवर छोटे पॉलीटनेल, म्हणजे पाईपच्या कमानींवर प्लॅस्टिक ताणून केलेले बोगदे, दिसायला लागलेत, आणि बरेचसे बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून उभे केलेले असतात. तिकडची मंडळी टनेल बांधतात ते थंडीत ऊब धरायला. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीला टेकतो, इथं ऊब कुणाला पाहिजे? आपल्याला टनेल हवा तो पाऊस, रोग आणि किडी बाहेर ठेवायला. हे डोक्यात पक्कं नसलं की निम्म्या चुका तिथंच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टनेल बुटका आणि चारी बाजूंनी बंद. दुपारी आत गेलं की चष्म्यावर वाफ येते, तरी माणूस म्हणतो झाडांना चांगलं असंल. नसतं. दिवसाचं तापमान ३५ च्या वर जायला लागलं की टोमॅटोचे परागकण कामाचे राहात नाहीत, मग फुलं भरभरून लागतात आणि गळतात. गळलेलं फूल हातात घेऊन बघा, देठाच्या मधे जी गाठ असते तिथं पिवळं पडून सुटलेलं असतं. हे बघून लोक दुकानातनं टॉनिक आणतात, पण टॉनिकनं हवा थोडीच खेळणार आहे. उंची चांगली आठ-नऊ फूट ठेवा, दोन्ही टोकांना दार, आणि बाजूच्या खालच्या तीन फुटात प्लॅस्टिक नको, ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) इन्सेक्ट नेट, म्हणजे किडी अडवणारी जाळी लावा. पांढरी माशी त्यानं बरीचशी अडते, आणि टोमॅटोची पानं गोळा करणारा व्हायरस तीच आणते. मात्र बारीक जाळीतनं वारं कमी येतं, म्हणून जाळीचा भाग मोठा ठेवायचा, हातभर खिडकीनं काही होत नाही.

उन्हाळ्यात वरनं ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) शेडनेट टाकता ते बरोबरच, पण जूनमध्ये ती काढायचं कुणाच्या लक्षात राहात नाही. पावसाळ्यात आधीच ढग, त्यावर हिरवी नेट, मग मिरचीची रोपं नुसती उंच, बारीक आणि फिकट. आणि पावसाळ्यातलीच अजून एक गंमत, बाहेर धो धो पाऊस पडतोय म्हणून लोक ड्रीप बंद करून निवांत बसतात आणि आत वांगी तहानेनं माना टाकतात, अहो वर प्लॅस्टिक आहे, पाऊस आत येणार कुठनं?

त्यातनंच क्षाराचा त्रास सुरू होतो. कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत जमीन क्षारपड झालीय, बोअरचं पाणीही जड असतं. उघड्यावर पावसाचं पाणी हे क्षार खाली धुऊन नेतं, टनेलमध्ये ते होत नाही. बेडवर पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसली, पानांच्या कडा करपल्या की लोक खत वाढवतात आणि अजून बिघडवतात. खत थांबवा, छतावर पडणारं पावसाचं पाणी टाकीत धरा आणि तेच बेडला भरपूर द्या. निचरा मात्र पाहिजे, म्हणून नुसती काळी माती भरू नका, तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळून उंच बेड करा. शेणखत कच्चं असलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आत आलीच म्हणून समजा.

वेलभाज्यांचं तर काय सांगावं. जाळी लावून मधमाशी बाहेर ठेवली आणि मग दुधी बोटाएवढा होऊन पिवळा का पडतो असं विचारतात. परागीकरण आपल्यालाच करावं लागतं. जिच्यामागं इवलंसं फळ असतं ती मादी, नुसत्या दांड्यावर असतो तो नर. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादीच्या मधोमध हलकं फिरवा. वेळ महत्त्वाची, कारल्याचं फूल सकाळी उमलतं पण दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी, तेव्हा सकाळी नऊला दुधीवर कष्ट घेऊन उपयोग नाही. काकडीत बिना परागीकरणाच्या जाती मिळतात, टनेलला त्याच घ्या. टोमॅटोला, झाड ज्या दोरीला बांधलंय तिला सकाळी टिचक्या मारल्या तरी भागतं.

प्लॅस्टिकवर पैसे वाचवू नका. २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्मच (उन्हाला टिकणारं प्लॅस्टिक) घ्या, साधा प्लॅस्टिकचा कागद एका उन्हाळ्यात चिंध्या होतो. लोखंडी पाईप उन्हात तापतो आणि फिल्म नेमकी तिथंच फाटते, म्हणून पाईपच्या वरच्या बाजूला पांढरा रंग द्या. सुतळी न् विटांच्या भरवशावर तर राहूच नका, मे मधला वळीव एका झटक्यात सगळं शेजारच्या उसात नेऊन टाकतो. प्लॅस्टिक पक्कं धरायला प्रोफाईल पट्टी (खाचेची धातूची पट्टी) आणि त्या खाचेत बसणारी झिगझॅग स्प्रिंग लावा, पाईपचे पाय काँक्रीटमध्ये घ्या.

फळांत लोकांना स्ट्रॉबेरीची हौस. वाई-महाबळेश्वरकडनं रोपं आणून जानेवारीत लावतात, तोवर निम्मा सीझन गेलेला असतो. ऑक्टोबरातच लावा आणि क्राऊन (जिथनं पानं फुटतात तो मधला गड्डा) मातीत गाडू नका, सडतो. मार्चला सांगलीच्या उन्हात ते झाड दमतं, तेव्हा त्याआधीच जानेवारीच्या शेवटी शेजारच्या बेडवर खरबूज लावून दोरीवर चढवा. परागीकरण तिथंही हातानंच, सकाळचं, आणि फळ मोसंबीएवढं झालं की जाळीची झोळी बांधा, नाहीतर वजनानं फळ निसटून खाली पडतं.