मोजणी करायची, पण कोणती?

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी जालन्यात एका खासगी सर्व्हेअरच्या हाताखाली कामाला लागले. पहिल्याच वर्षी अंबड तालुक्यातल्या एका काकांनी बोलावलं. "ताई, आमचा धुरा मोजून द्या, शेजारी दरसाली एक तास आत सरकतोय." धुरा म्हणजे शेताचा बांध, तास म्हणजे नांगराची एक ओळ. मी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावलं, सातबाऱ्यावरचं क्षेत्र भरेल अशी रेघ काढली, फक्की मारली, खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटलेल्या आणि दोन्ही घरची माणसं पोलीस ठाण्यात.

चूक माझी होती. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द कुठून जाते ते सांगत नाही. आणि शेतीची हद्द ठरवून देणं हे भूमी अभिलेख खात्याचं काम आहे. खासगी सर्व्हेअर जागेवर जे दिसतं ते मोजतो: धुरा, विहीर, झाडं, कुंपण. म्हणून माझ्या प्रत्येक नकाशावर आता "जागेवरील वहिवाटीनुसार" असं लिहिलेलं असतं.

काकांना हवी होती ती हद्द कायम मोजणी. तिचा अर्ज ई-मोजणी प्रणालीत भरून फी भरायची. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक जुना अभिलेख घेऊन जागेवर येतात आणि शेवटी नकाशाची 'क' प्रत मिळते. निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे अपिलातली फेरमोजणी, मागता येते. भावांची वाटणी असेल तर पोटहिस्सा मोजणी, प्लॉट पाडायचे असतील तर बिनशेती मोजणी, रस्त्याला किंवा तलावाला जमीन जाणार असेल तर संयुक्त मोजणी. नाव चुकलं की अर्जही चुकतो, आणि पुढचे महिने वाया जातात ते शेतकऱ्याचे.

काकांच्या शेतात पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. भूकरमापकांनी टिपणावरची (जुन्या मोजणीच्या कच्च्या नकाशावरची) मापं धरत एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, म्हणाले, "इथं खोदा." हातभर काळ्या मातीखाली हद्दीचा दगड निघाला. त्या दिवसापासून मी टिपण आणि गुणाकार पुस्तक (क्षेत्राच्या हिशेबाची जुनी वही) वाचायला शिकायचा ध्यास घेतला. तुम्हीही शिका. त्या मापांत 33 फुटांची साखळी आणि तिचे 16 आणे, म्हणजे सोळा भाग, येतात, ते कॉलेजात कुणी शिकवत नाही. आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे घराघरांतल्या पेट्यांत उर्दू आणि मोडी कागद निघतात. ते वाचणारा माणूस ओळखीचा ठेवा.

गुंठा आणि आर एकच, असं गावोगाव धरून चालतात. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, आर साधारण 1,076 चौरस फुटांचा. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. सातबाऱ्यावर 80 आर असताना व्यवहार दोन एकराचा ठरला, तर हजारेक चौरस फूट जमीन कमी भरते. खरेदीच्या वेळी कुणी विचारलं तर हे आधी सांगा.

बांधकामाच्या मोजणीत भांडण कमी, पण मिलिमीटरची जबाबदारी मोठी. इथं प्रश्न हद्दीचा नसतो, उंचसखलपणाचा असतो: पाणी कुठं उतरेल, भराव किती लागेल, जोत्याची पातळी काय ठेवायची. त्यासाठी कंटूर सर्व्हे, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा. त्याचा पाया म्हणजे टीबीएम, साइटवरची पक्की पातळीची खूण, आणि ती काळ्या मातीत ठोकलेल्या खुंटीवर कधीही घेऊ नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खुंटी तिच्याबरोबर वरखाली होते. उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या लेव्हल न जुळल्यानं एका गोदामाचं सगळं लेव्हलिंग आम्हाला पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून टीबीएम पुलाच्या कठड्यावर नाहीतर उघड्या खडकावर, आणि एकाऐवजी दोन.

लाइन-आउट, म्हणजे बांधकामाची जमिनीवरची आखणी, देताना तिचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय गवंड्याच्या हाती दोरी देऊ नका. काम संपल्यावरचा ॲज-बिल्ट सर्व्हे, म्हणजे प्रत्यक्ष बांधलं त्याची मोजणी, सोपा असतो, मात्र बिल त्यावर अडतं.

रोव्हर (उपग्रहांवरून जागा टिपणारं यंत्र) हाताळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. मराठवाड्याचा बहुतेक भाग यूटीएमच्या (नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडणाऱ्या पद्धतीच्या) 43 क्रमांकाच्या झोनमध्ये येतो, पण किनवट शहर 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे 44 मध्ये. नांदेडची सेटिंग तशीच ठेवून किनवटला काम केलं, आणि आधीचा नकाशा 44 मध्ये असला, तर दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. निघण्याआधी झोन बघा, आणि आधीचा नकाशा कोणत्या झोनमध्ये केलाय तेही विचारा.